टाळेबंदीच्या काळातील मुलांचे मानसिक स्वास्थ्य : आजच्या महाविद्यालयीन वर्गाच्या संदर्भात

कोरोना महामारीच्या काळातील मुलांच्या मानसिक स्वास्थ्यावर आजवर बरेच लेखन झाले आहे. त्याचा रोख प्रामुख्याने पालक, शालेय शिक्षक आणि डॉक्टर यांच्याकडे होता. महाविद्यालयीन प्राध्यापक या चर्चेत फारसा आला नाही, कारण त्या वेळी ही मुले त्याच्या वर्गात नव्हती. आता ती आहेत. हिशेब साधा आहे. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात पदवीच्या पहिल्या वर्षात बसलेला, एकही वर्ष न गमावलेला विद्यार्थी मार्च २०२० मध्ये सातवीत होता. आठवीचे जवळजवळ संपूर्ण वर्ष आणि नववीचे पहिले काही महिने त्याने घरात काढले. म्हणजे वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंतचा काळ, ज्या काळात मूल घराच्या उंबऱ्याबाहेर आपले पाऊल टाकू लागते, तो त्याने उंबऱ्याच्या आत घालविला.

प्राध्यापकांच्या खोलीत या विद्यार्थ्यांविषयीच्या तक्रारी सर्वत्र सारख्याच ऐकू येतात. प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो. तोंडी परीक्षेचे नाव काढले की निम्मे गैरहजर. सलग दोन पाने हाताने लिहिणे जमत नाही. लक्ष मोबाईलमध्ये. एखादा विद्यार्थी आठ-आठ दिवस येत नाही आणि विचारले तर कारणही सांगत नाही. या सर्वांना 'बेशिस्त' किंवा 'आजकालची पिढी' असे एकच नाव देऊन विषय संपविला जातो. यातील प्रत्येक गोष्ट टाळेबंदीमुळेच घडली असे म्हणणे चुकीचे ठरेल. मोबाईल आधीही होता, गैरहजेरीही होती. तथापि त्या काळात मुलांच्या मनावर नेमके काय ओढवले हे ठाऊक नसेल, तर समोरच्या वर्तनाचा अर्थ चुकीचा लावला जाण्याची शक्यता मोठी आहे. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या प्रश्नाची मांडणी केली आहे.

शाळा बंद म्हणजे काय बंद?

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. शाळा त्यापूर्वीच, मार्चच्या मध्यापासून बंद झाल्या होत्या. पुढे दुकाने उघडली, कारखाने चालू झाले, उपाहारगृहे व बाजार सुरू झाले, पण शाळा मात्र सर्वांत शेवटी उघडल्या. महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्यास परवानगी मिळाली, तीही स्थानिक परिस्थिती पाहून. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झाले आणि ४ ऑक्टोबर २०२१ पासून टप्प्याटप्प्याने उघडले. पहिली ते चौथीच्या मुलांना डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेने शाळांना आणखी एकदा कुलूप लावले. कर्नाटकात, म्हणजे बेळगावसारख्या सीमावर्ती जिल्ह्यांतही, पहिली ते पाचवीचे वर्ग २५ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाले. गोव्यात खालच्या वर्गांना फेब्रुवारी २०२२ उजाडावा लागला.

या तारखा देण्याचे कारण असे की, 'दोन-चार महिने शाळा बंद होती' अशी पुसट आठवण आता अनेकांच्या मनात उरली आहे. मोठ्यांच्या आयुष्यात दीड वर्ष हा लहान तुकडा असतो. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो त्याच्या जाणत्या आयुष्याचा तिसरा-चौथा हिस्सा होतो.

शिवाय शाळा बंद होणे म्हणजे केवळ अभ्यासक्रम थांबणे नव्हे. सकाळी ठराविक वेळी उठणे, गणवेश घालणे, घंटेबरोबर बसणे आणि घंटेबरोबर मोकळे होणे, हा मुलाच्या दिवसाचा कणा असतो. घरातील माणसांखेरीज दुसरी प्रौढ व्यक्ती, म्हणजे शिक्षक, त्याला रोज पाहत असते आणि 'आज तुझा चेहरा का उतरला आहे?' असे विचारू शकत असते. दुपारी शिजवलेले गरम अन्न मिळते. त्याऐवजी कोरडा शिधा घरी देण्याची व्यवस्था झाली, परंतु पंगतीत बसून खाणे शिध्याच्या पिशवीत येत नाही. मधल्या सुट्टीतील भांडण आणि पाचव्या तासापर्यंत झालेली दिलजमाई, हेही शिक्षणच असते. या सर्व गोष्टी एका दिवसात नाहीशा झाल्या आणि त्यांची नोंद कुठल्याही गुणपत्रिकेत झाली नाही.

घराची जागा आणि घरातील हवा

'घरी राहा, सुरक्षित राहा' या घोषणेमागे घराचे एक विशिष्ट चित्र होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. मुंब्रा, धारावी, मालेगाव किंवा जुन्या हैदराबादच्या दाट वस्तीत अशा खोलीत आजी-आजोबांसह सहा-सात माणसे असणे नवलाचे नाही. एरवी ही माणसे पाळीपाळीने घरात असतात. टाळेबंदीत सर्वजण एकाच वेळी तेथे कोंडले गेले. मालेगावात एप्रिल-मे २०२० मध्ये संसर्ग वेगाने पसरला आणि यंत्रमाग थांबले. यंत्रमाग थांबला की आठवड्याचा पगार थांबतो. बाप घरात आहे, पण कमाई नाही, उधारी देणारा दुकानदार कुरकुर करतो, आणि ही सर्व बोलणी मुलाच्या कानासमोर होतात, कारण दुसरी खोलीच नाही.

लहान मुले संकटाची तीव्रता बातम्यांवरून ओळखत नाहीत, ती मोठ्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या आसक्तीविषयक संशोधनाचा सारांश हाच आहे की, ज्या व्यक्तीच्या आधाराने मूल जगाकडे पाहते ती व्यक्ती स्थिर असेल तर मूल मोठी आपत्तीही सोसते. त्यामुळे एकाच गल्लीतील दोन मुलांवर टाळेबंदीचा परिणाम निरनिराळा झाला. ज्या घरात दादी गोष्टी सांगत होती, पत्ते किंवा कॅरम खेळला जात होता, रमजानमध्ये मशीद बंद असताना तरावीहची नमाज घरच्या ओसरीवर सर्वांनी मिळून पढली गेली, त्या घरातील काही मुलांना तो काळ आनंदाचा म्हणूनही आठवतो. ही गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे, कारण सर्वच मुलांचे मन कोलमडले असे समजणे हीही एक चूकच होय.

मुलींचा प्रश्न स्वतंत्र आहे. शाळेची वेळ ही अनेक मुलींना घरकामातून मिळणारी एकमेव सुटका होती; ती गेली. धाकट्या भावंडांचा सांभाळ, आजाऱ्यांची सेवा आणि स्वयंपाकघर यांत तेरा-चौदा वर्षांच्या मुली गुंतल्या आणि त्यांतील काही शाळेत परतल्याच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार बालविवाह प्रतिबंधक कायद्याखालील नोंदलेले गुन्हे २०१९ मध्ये ५२३ होते, ते २०२० मध्ये ७८५ झाले. नोंदी वाढल्या म्हणजे घटना तेवढ्याच प्रमाणात वाढल्या असे काटेकोरपणे म्हणता येत नाही, आणि ज्यांची नोंदच झाली नाही असे विवाह तर या आकड्यात येतच नाहीत.

संशोधन काय सांगते

महामारी जगभर पसरण्याच्या सुमारासच, फेब्रुवारी २०२० मध्ये, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सामन्था ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी पूर्वीच्या साथींमधील विलगीकरणावरील २४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला होता. विलगीकरणाचा लांबलेला कालावधी, संसर्गाची भीती, कंटाळा, अपुरा पुरवठा आणि अपुरी माहिती ही मानसिक ताणाची कारणे त्यांत नोंदविली होती. पाचही कारणे भारतीय मुलांच्या वाट्याला एकाच वेळी आली. चीनच्या शान्शी प्रांतात साथीच्या प्रारंभी ३ ते १८ वर्षे वयाच्या ३२० मुलांची पाहणी झाली, तेव्हा पालकांना चिकटून राहणे, लक्ष न लागणे आणि चिडचिड ही लक्षणे सर्वाधिक आढळली. २०२१ मध्ये निकोल रासीन आणि सहकाऱ्यांनी जगातील २९ अभ्यास, म्हणजे ८० हजारांहून अधिक मुले व किशोर, एकत्र विचारात घेतले. त्यांत सुमारे २५ टक्क्यांमध्ये नैराश्याची आणि सुमारे २० टक्क्यांमध्ये चिंतेची दखल घेण्याजोगी लक्षणे दिसली. हे प्रमाण महामारीपूर्व अंदाजांच्या जवळपास दुप्पट होते.

असे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रश्नावलीवर आढळलेली लक्षणे म्हणजे आजाराचे निदान नव्हे. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले होते. म्हणजे महामारीपूर्वीही प्रश्न होताच, फक्त त्याकडे कोणी पाहत नव्हते. २०२१ मध्ये युनिसेफने २१ देशांतील तरुणांची पाहणी प्रसिद्ध केली. मानसिक त्रासासाठी इतरांची मदत घेणे चांगले, असे मानणाऱ्यांचे प्रमाण त्या देशांत सरासरी ८३ टक्के होते. भारतात १५ ते २४ वयोगटातील केवळ ४१ टक्के तरुणांनी तसे सांगितले. शिक्षकाच्या दृष्टीने हा आकडा नैराश्याच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. विद्यार्थी स्वतः होऊन येऊन सांगणार नाही, हे त्यातून आधीच कळते.

सांगितले तरी कोणत्या शब्दांत सांगेल, हाही विचार करण्यासारखा मुद्दा आहे. 'मला नैराश्य आले आहे' असे वाक्य मराठी किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातील मूल सहसा बोलत नाही. ते म्हणते, 'करमत नाही.' उर्दू-दखनी बोलणारे मूल म्हणते, 'दिल नहीं लगता', 'जी घबराता है.' या शब्दप्रयोगांचा अर्थ बारकाईने पाहिला तर त्यांत दुःखाचा उल्लेखच नाही. 'करमणे' आणि 'दिल लगना' हे दोन्ही मनाचे एखाद्या जागेशी किंवा माणसांशी असलेले नाते सांगतात. ते तुटले आहे एवढेच मूल सांगत असते. त्याहून लहान मूल तेही सांगत नाही, ते 'पोटात दुखतंय' म्हणते. डॉक्टर पोट तपासतो, काही सापडत नाही, आणि घरात 'नाटक करतो' असा शिक्का बसतो. ज्या शिक्षकाला दोन्ही भाषा येतात त्याने असे शब्द कानावर पडताच थांबावयास हवे. प्रश्नावल्यांचे तज्ज्ञ जेवढे शोधतात, त्यातील बरेचसे या तीन-चार शब्दांत आलेले असते.

वयाचा प्रश्न

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या विकासक्रमानुसार सहा ते बारा या वयात मुलाला 'मला हे जमते' असा अनुभव मिळणे निर्णायक असते, आणि बाराव्या वर्षानंतर 'मी कोण' या प्रश्नाचे उत्तर ते आईवडिलांपेक्षा बरोबरीच्या मुलांमध्ये शोधते. जून २०२० मध्येच एमी ऑर्बेन, लिव्हिया टोमोव्हा आणि सारा-जेन ब्लेकमोर या संशोधकांनी इशारा दिला होता की, किशोरवयात मेंदूची जडणघडण समवयस्कांच्या सहवासाला विशेष संवेदनशील असते आणि म्हणून सहवास तुटण्याची किंमत या वयाला जास्त मोजावी लागू शकते. समाजमाध्यमांमुळे ती काही अंशी भरून निघेल, असेही त्यांनी म्हटले होते. परंतु त्यासाठी हाती मोबाईल हवा.

आणि मोबाईल किती हातांत होता? 'असर' या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील शाळेत नोंद असलेल्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये ते प्रमाण ६७.६ टक्के झाले. ही वाढ प्रचंड आहे, आणि गरीब कुटुंबांनी तिच्यासाठी काय गहाण टाकले असेल याची कल्पना करता येते. तथापि फोन असलेल्या घरांतीलही २६ टक्के मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता, कारण फोन वडिलांबरोबर कामावर जात होता. ज्यां ड्रेझ, रितिका खेरा आणि सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील वंचित वस्त्यांतील सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ग्रामीण भागात ८ टक्के आणि शहरी भागात २४ टक्के एवढीच निघाली. गोव्यात सांगे व सत्तरी या तालुक्यांतील काही डोंगराळ गावांत मुले रेंज मिळावी म्हणून टेकडी चढत होती.

महाराष्ट्रात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही चांगली मालिका सुरू झाली, मात्र ती मराठीत होती. उर्दू माध्यमाच्या मुलाला तिचा उपयोग मर्यादितच. बेळगावातील मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांपुढे राज्याची चंदन वाहिनी कन्नडमध्ये बोलत होती. शाळा बंद असताना शाळेची भाषाही बंद झाली, हा सीमाभागातील आणि उर्दू शाळांतील मुलांचा वेगळा तोटा होय. घरात दखनी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण उर्दू फक्त शाळेत ऐकू येते. दीड वर्ष ती कानावर पडली नाही, तर वाचताना अडखळणे स्वाभाविक आहे. चारचौघांत अडखळलेला मुलगा पुढच्या वेळी तोंडच उघडत नाही.

जी मुले ऑनलाइन वर्गात होती त्यांच्यावरही एक संस्कार झाला. कॅमेरा बंद आणि आवाज बंद ठेवणे ही तेथील शिस्त होती. बोलणाऱ्या मुलाला 'आवाज बंद कर' असे सांगितले जाई. हजर असूनही नसणे शक्य आहे, हे मुलांनी तेथे शिकून घेतले. तेच मूल पाच वर्षांनंतर मागच्या बाकावर खाली मान घालून बसते, तेव्हा ते कदाचित शाळेनेच शिकविलेली सवय पाळत असते.

भीती, मृत्यू आणि बोट

तो काळ मुलांनी मृत्यूच्या सावलीत काढला, हे बहुधा सांगितले जात नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयास दिलेल्या माहितीनुसार १ एप्रिल २०२० नंतर कोरोना व इतर कारणांनी आई किंवा वडील अथवा दोन्ही गमावलेल्या बालकांची संख्या १,४७,४९२ होती. त्यांत दोन्ही पालक गमावलेली १०,०९४ आणि एक पालक गमावलेली १,३६,९१० होती. मे २०२१ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या 'पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन' योजनेचा लाभ दोन्ही पालक, किंवा उरलेला एकमेव पालक वा पालनकर्ता, गमावलेल्या मुलांसाठी होता आणि तो साडेचार हजारांच्या आसपास मुलांपर्यंत पोहोचला. ज्यांचे केवळ वडील गेले ती मुले संख्येने कितीतरी अधिक आहेत. मुस्लिम घरात अशा वेळी आईची चार महिने दहा दिवसांची इद्दत असते. त्या दिवसांत बाहेरची धावपळ, बँक, रेशन, दवाखान्याची बिले, थोरल्या मुलावर पडली; तो थोरला मुलगा कधी कधी तेरा वर्षांचा होता.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्च २०२० च्या सूचनांनुसार कोरोनाने मृत झालेल्या व्यक्तीच्या देहाला स्नान घालण्यास व स्पर्श करण्यास मनाई होती. पिशवी थोडी उघडून चेहरा दाखविण्याची मुभा होती, पण दुसऱ्या लाटेच्या धांदलीत तेही अनेकांना मिळाले नाही. गुस्ल नाही, खांदा देणे नाही, कब्रस्तानात मोजकी माणसे. मूल दवाखान्यात गेलेल्या अब्बांना हात हलवून निरोप देते आणि त्यानंतर त्यांना पाहतच नाही. अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांसंदर्भात 'संदिग्ध वियोग' ही संकल्पना मांडली: ज्या वियोगाला डोळ्यांनी पाहिलेला शेवट नसतो, त्याचा शोक पुरा होत नाही. ती संकल्पना या मुलांनाही बऱ्याच अंशी लागू पडते. अंत्यविधी मृतासाठी असतात असे म्हटले जाते, पण मागे राहिलेल्यांना 'आता संपले' हे त्यांतूनच कळते.

मुस्लिम वस्त्यांतील मुलांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. मार्च २०२० च्या अखेरीस दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि पुढील काही आठवडे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एका समाजाचे नाव रोगाच्या नावाला जोडून घेतले गेले. फळविक्रेत्यांना गल्लीत येऊ न देण्याचे प्रकार अनेक ठिकाणी घडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी परदेशी जमात सदस्यांवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनविण्यात आल्याचे निरीक्षण नोंदविले. न्यायालयाचा निर्णय मोठ्यांनी वाचला. दहा वर्षांच्या मुलाने तो वाचलेला नसतो. त्याच्या स्मरणात पडद्यावरचे बोट राहते आणि ते आपल्याकडे होते एवढे राहते. साथीच्या काळात रुग्णांची घरे पत्रे लावून बंद केली गेली, तेव्हा इतर समाजांतील मुलांनाही असे बोट अनुभवावे लागले, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

परीक्षेविना उत्तीर्ण

२०२१ मध्ये महाराष्ट्र मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला. खालच्या वर्गांतील मुले परीक्षेविना वर चढली. निर्णय त्या परिस्थितीत योग्यच होता. पण त्याचबरोबर 'कोरोना बॅच' हा शब्द जन्माला आला आणि तो नोकरीच्या मुलाखतीपासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत थट्टेने वापरला गेला. 'मला हे जमते' हा अनुभव ज्या वयात मिळावयाचा, त्या वयात मिळालेले यश खोटे आहे असे मुलाला सांगितले गेले. प्राध्यापकांनी तरी वर्गात हा शब्द उच्चारू नये, गमतीनेही नाही.

पुढील आकडे आणखी सूचक आहेत. 'असर'नुसार ग्रामीण भारतात तिसरीतील, दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. ही बातमी 'हानी भरून निघाली' अशा मथळ्याने छापली गेली. वस्तुतः २०२४ मध्ये तिसरीत असलेले मूल २०२० मध्ये पहिलीतही गेले नव्हते. भरून निघाली ती इयत्तेची हानी. ज्या मुलाची हानी झाली ते मूल केव्हाच पुढे निघून गेले होते. त्याचा माग २०२३ च्या 'असर'मध्ये लागतो: २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटातील सुमारे चौथा हिस्सा मुले आपल्या भाषेतील दुसरीचा उतारा सफाईने वाचू शकत नव्हती. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने २०२२ च्या प्रारंभी सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा चिंतेचे कारण म्हणून ५० टक्क्यांनी अभ्यासाचे आणि ३१ टक्क्यांनी परीक्षा व निकालांचे नाव घेतले. शिकणे आणि मन या दोन वेगळ्या फायली नाहीत. वाचता न येण्याची लाज हाच अनेकदा मनाचा आजार दिसतो.

वर्गात काय करता येईल

प्राध्यापक हा मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि त्याने तो होण्याचा प्रयत्नही करू नये. पण भाषेच्या शिक्षकाजवळ काही साधने आधीपासूनच आहेत. पहिल्या सत्राच्या आरंभी तोंडी उत्तर सर्व वर्गासमोर मागण्याऐवजी शेजारच्या विद्यार्थ्याला सांगावयास लावणे, मग चौघांना, मग वर्गाला, एवढा बदल गप्प वर्ग बराच मोकळा करतो. मोठ्याने वाचन बसल्या जागेवरून आणि आधी सांगून ठेवलेल्या उताऱ्याचे असावे. लेखनाच्या बाबतीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचे १९८६ पासूनचे प्रयोग उपयुक्त आहेत. मनाला लागलेल्या प्रसंगावर सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहिणाऱ्यांना कालांतराने त्याचा लाभ झाल्याचे त्यांत दिसले; लिहितानाच्या दिवसांत मात्र मन अधिक खिन्न होते, हेही त्यांनीच नोंदविले. म्हणून 'कोरोना काळातील माझा अनुभव' असा निबंध सक्तीने घेऊन त्यास गुण देणे अयोग्य. विषय ऐच्छिक असावा, कागद गोळा न करण्याची मुभा असावी, आणि वाचून दाखविण्याची सक्ती तर नसावीच.

गैरहजेरीचा प्रश्न विचारताना 'का आला नाहीस?' यापेक्षा 'घरी सगळे ठीक आहे ना?' हा प्रश्न अधिक माहिती देतो. प्रवेशअर्जावर आणि शिष्यवृत्तीच्या कागदांवर 'वडिलांची सही' मागितली जाते. ज्याचे वडील २०२१ मध्ये गेले त्या विद्यार्थ्याला दर सत्रात खिडकीवर उभे राहून, रांगेतील सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात तेच उत्तर द्यावे लागते. 'पालकांची सही' एवढा बदल कार्यालयाला सहज करता येतो, त्यास खर्च नाही.

झोप, भूक किंवा बोलणे यांत ठळक बदल होऊन तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला, किंवा जगण्यात अर्थ नाही असे उद्गार आले, तर विषय शिक्षकाच्या हाताबाहेरचा आहे असे समजून तज्ज्ञाकडे पाठवावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली 'टेली-मानस' ही केंद्र शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि ती अनेक भारतीय भाषांतून बोलते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमणे आवश्यक आहे, आणि लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावयाचा आहे. नेमलेल्या समुपदेशकाला 'करमत नाही' आणि 'दिल नहीं लगता' या दोन्ही वाक्यांचा अर्थ कळतो की नाही, हे संस्थेने मुलाखतीतच पाहावे.

मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले, दुसरीचा वर्ग घरातूनच पाहिलेले मूल २०३१-३२ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्षाला येईल.